लुटणे : एका क्रियापदाचा परदेश प्रवास

इंग्रजीतलं 'लूट' हे क्रियापद सगळ्यांनाच माहीत आहे. दंगल झाली की न्यूज चॅनलवर 'लूटिंग', गेम खेळणाऱ्या पोरांचे तर 'लूट बॉक्स'सुद्धा असतात. पण हा शब्द तिकडे गेलाय आपल्याकडूनच! मूळ संस्कृत 'लुण्ट्' धातू, त्यावरून हिंदी-मराठीतली लूट, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी कंपनीच्या गोऱ्या लोकांच्या तोंडी ती बसली. 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात तिची रीतसर नोंद आहे. 1857 च्या धामधुमीनंतर तर ती खुद्द इंग्लंडातही रुळली.

इथपर्यंत ठीक. पण स्वतः केलेल्या लुटीला साहेब काय म्हणायचा? 'प्राइज'! हे बक्षीसवालं प्राइज नव्हे बरं का. हा शब्द फ्रेंचमधून आला, अर्थ 'पकडलेलं, घेतलेलं'. 1817-18 मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा हाती लागलेल्या मालाचं नाव 'डेक्कन प्राइज'. त्याच्या वाटणीचं भांडण इंग्लंडात अनेक वर्षं चाललं. ट्रस्टी कोण, तर वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन!

नारोबा गोविंद हे पेशव्यांचे रायगडचे किल्लेदार. त्यांच्याकडची संपत्ती कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. पुढे ती परत मिळावी म्हणून मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा झाला आणि निकाल चक्क एल्फिन्स्टनसाहेबाच्या विरुद्ध लागला. पण 1830 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. का? तर ही युद्धातली जप्ती, त्यात दिवाणी कोर्टाने पडायचं नाही. संपला विषय. म्हणजे आपण केली तर लूट, त्यांनी केली तर जप्ती.

अर्थात आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. 1740 च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये जे केलं, त्यामुळे 'बर्गी' हा शब्द तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसलाय.

गंमत म्हणजे साहेबाने शब्द नेला, पण अर्धाच. आपण मजा लुटतो, आनंद लुटतो. संक्रांतीला बायका वाण लुटतात, म्हणजे चक्क वाटतात! आणि आमच्या कोल्हापुरात दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन झालं, की सोनं लुटायला ही झुंबड उडते. नंतर तेच सोनं घरोघर जाऊन थोरामोठ्यांच्या हातात द्यायचं, पाया पडायचं. त्यामागची गोष्टही तशीच आहे. रघुराजाने कौत्साला सोन्याची रास देऊ केली, त्याने गुरुदक्षिणेपुरतं घेतलं आणि उरलेलं लोकांना लुटू दिलं.

एकाच क्रियापदात ओरबाडणंही आहे आणि उधळून देणंही. डिक्शनरीत पहिलं पोचलं, कारण नेणाऱ्याला तेवढंच ओळखीचं होतं. दुसरं अजून इथेच आहे, ते मात्र आपण वापरत राहिलो तरच टिकेल.