गॅस टर्मिनलची क्षमता-राखीवता

जहाजाने आलेला द्रवरूप नैसर्गिक वायू (एलएनजी) उतरवून घेणे, टाक्यांत साठवणे आणि पुन्हा वायुरूप करून वाहिनीत सोडणे, या सेवेचा ठरावीक हिस्सा दीर्घ मुदतीच्या कराराने आधीच राखून ठेवण्याची पद्धत. सुमारे उणे १६२ अंश सेल्सियसला वायूचे आकारमान सहाशेपटीने घटते. इतक्या थंड टाक्या व धक्के उभारण्याचा खर्च प्रचंड असल्याने कर्ज देणाऱ्यांना उत्पन्नाची हमी लागते. म्हणून करारात ‘वापरा किंवा पैसे भरा’ ही अट असते. वायू महागला व ग्राहकाने जहाज मागवलेच नाही, तरी आकार द्यावा लागतो. गुजरातेतील दहेज टर्मिनलची बरीच क्षमता अशाच करारांनी बांधलेली आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण दाभोळचे, आणि ते बोधप्रद आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीजप्रकल्पासोबत आखलेले हे टर्मिनल २००१ मधील वीजखरेदीच्या वादानंतर अपुरे राहिले. ते २०१३ मध्ये सुरू झाले. वार्षिक ५० लाख टनांची क्षमता कागदावर असली, तरी ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे लागत नसत. बारमाही सेवेची खात्री नसलेली क्षमता दीर्घ मुदतीने विकणे अवघडच.

लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) हे जिल्हे मिळून एक शहर गॅस वितरण क्षेत्र आहे. समुद्रापासून दूरच्या अशा क्षेत्रांतील छोट्या वितरकाला स्वतंत्र राखीवता सहसा परवडत नाही. तो मोठ्या विक्रेत्याकडून वायू घेतो आणि टर्मिनलचा आकार किमतीतूनच भरतो.