मानशीचं जाळं

गोव्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरायचा सर्वांत चांगला सापळा मुळात सुंगटांसाठी बांधलेलाच नाही. तो बांधला भातासाठी. खाजन म्हणजे नदीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतजमीन. तिच्या बांधात बसवलेली मानस म्हणजे खारं पाणी अडवणारं आणि शेतातलं पाणी बाहेर सोडणारं दार. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती आणि वरून टांगलेल्या लाकडी फळ्या. भरती चढली की नदी फळ्या दाबून मिटवते, ओहोटीला आतलं पाणी त्या बाहेर ढकलतं. माणूस लागत नाही.

दार कितीही घट्ट असलं तरी फटी राहतातच. समुद्रात जन्मलेली सुंगटांची पिल्लं भरतीबरोबर नदीत येतात, त्या फटींतून आत शिरतात आणि मानशीजवळच्या खोलगट पोंयीत वाढतात. मोठी झाली की ओहोटीच्या पाण्याबरोबर परत निघतात. वाट एकच, तीही अरुंद. जाळं लावायचं ते तिथं.

आमच्या मामांनी एकदा मानस पावणीत, म्हणजे लिलावात, घेतली होती. जाळं त्यांनी घरीच केलं. लांबलचक पिशवी, तोंडाकडे मोठी आस, शेपटीकडे बारीक होत गेलेली. तोंडाला मानशीच्या मापाची लाकडी चौकट. ती चिऱ्यांतल्या खाचेत वरून सोडायची आणि कडेच्या फटींत चिंध्या ठासायच्या, नाहीतर अर्धी सुंगटं बाजूनंच पसार. पूर्वी जाळी सुती असत, कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवत. नायलॉन आलं आणि तो खटाटोप संपला. पुनवेचं नाहीतर अमावास्येचं उधाण, रात्रीची ओहोटी आणि जाळ्याच्या तोंडावर कंदील, कारण उजेडाला सुंगटं जमतात. पिशवी जड झाली की शेपूट वर ओढून गाठ सोडायची आणि माल टोपलीत रिता करायचा. ही गाठ पाण्याच्या जोराला टिकायला हवी आणि ओल्या बोटांनी एका हिसक्यात सुटायलाही हवी. आम्हा भाच्यांना मामा तिला हात लावू देत नसत. बरोबरच होतं त्यांचं.

खाजनं फार जुनी. अनिर्जितवर्मा या मौर्य राजाच्या बांदोड्याच्या ताम्रपटात खाजन जमिनीचा उल्लेख आहे. हा ताम्रपट सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा मानतात. पोर्तुगीज आले तेव्हा गावकारी, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे राखणारी संस्था, चांगली रुजलेली होती आणि 1526च्या फोरालात, म्हणजे सनदेत, त्यांनी तिचे रिवाज लिहून घेतले. पुढे तिचंच नाव कोमुनिदाद झालं. मानशीवरच्या मासेमारीची पावणी कोमुनिदाद करी, आणि गावाच्या या मिळकतीतून बांधाची डागडुजीही निघे. सुंगटं बांध राखत होती म्हणा ना! अट एकच: शेतात कोरगूट भात उभं असताना खारं पाणी आत घ्यायचं नाही.

1964च्या कूळ कायद्यानंतर कोमुनिदादीचा जमिनीवरचा हात सुटत गेला आणि 1975च्या नियमांनी बांधांचा भार कुळांच्या संघटनांवर आला. त्याच सुमारास गोठवलेली सुंगटं परदेशी जाऊ लागली. भाव असा चढला की खाजनातलं भात त्यापुढे चिल्लर वाटू लागलं. मग फळीखाली दगड लावून भरती आत घ्यायची युक्ती निघाली: पाणी जास्त, पिल्लं जास्त, पैसा जास्त. मांडवीत खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी बांध पोखरले हे खरंच, पण सगळं खापर बार्जींवर फोडणं मला पटत नाही. फळीखालचा दगड काही बार्जीनं ठेवला नव्हता.

माझ्या पाहण्यातल्या एका खाजनात आता तिवरं वाढली आहेत. पावणी अजून होते आणि चुरशीनं होते. मानस घेणारा बहुधा गावाबाहेरचा असतो. त्याचं तिथं शेत नाही, म्हणून फळी उघडी राहिली तर त्याचं काहीच बिघडत नाही.