कर्णबधिर बालकांसाठी सांकेतिक भाषेतून कथावाचन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

आजीच्या गोष्टीतून मुलाची भाषेशी ओळख होते आणि पुढे तीच भाषा त्याला पुस्तकात भेटते. कर्णबधिर मूल बहुधा या क्रमाला मुकते. श्रवणदोष हेच त्याचे कारण मानले जाते. परंतु ज्या भाषेत त्याला गोष्ट कळली असती ती भाषाच शाळेने नाकारली होती, असे इतिहास सांगतो. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

संकेतांचा स्वीकार व बंदी :

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे आबे द लेपे यांनी संकेतांना अध्यापनाचे माध्यम केले. याच परंपरेत घडलेले कर्णबधिर शिक्षक लॉराँ क्लेर्क यांनी थॉमस गॅलॉडेट यांच्यासमवेत १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड येथे शाळा काढली. तथापि १८८० च्या मिलान परिषदेने मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. त्यानंतर अनेक देशांतील वर्गांतून संकेत हद्दपार झाले आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांचा वेळ ओष्ठवाचनात व उच्चारसरावात जाऊ लागला. संकेतभाषा टिकली ती प्रामुख्याने वसतिगृहांत, मुलांच्या आपसातील व्यवहारात. भारतातही शालेय शिक्षणात दीर्घकाळ मौखिक पद्धतीचे प्राबल्य राहिले.

कथावाचनाची पुनर्स्थापना :

१९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना असल्याचे दाखविले. पुढे १९९० च्या दशकात गॅलॉडेट विद्यापीठातील डेव्हिड श्लेपर यांनी कर्णबधिर प्रौढ व्यक्ती मुलांना पुस्तक कसे वाचून दाखवितात, यावरून १५ तत्त्वे मांडली. ऐकणारे मूल चित्र पाहता पाहता गोष्ट ऐकू शकते. कर्णबधिर मुलाला मात्र चित्र आणि संकेत दोन्ही डोळ्यांनीच पाहावे लागतात. म्हणून वाचणारी व्यक्ती मुलाची नजर वर येईपर्यंत थांबते, कधी संकेत थेट पानावर करते, पात्रानुसार मुद्रा बदलते आणि पुस्तक मुलासमोर उघडे ठेवते. अशा रीतीने संकेत व मुद्रित शब्द यांचा सांधा जुळतो.

भारतीय संदर्भ :

भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नवाचक संकेत सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो. त्यामुळे मराठी वाक्यातील प्रत्येक शब्दामागे एक संकेत जोडणे म्हणजे कथावाचन नव्हे. आशयाचे भाषांतर आवश्यक ठरते. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०२० मध्ये पाठ्यपुस्तके या भाषेत आणण्यासाठी त्या केंद्राचा एनसीईआरटीशी करार झाला.

निष्कर्ष :

मिलानच्या ठरावांबद्दल २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला. तोवर १३० वर्षे लोटली होती. या काळात कर्णबधिर समाजाने जपलेले कथनकौशल्य हेच आजच्या अध्यापनशास्त्राचा आधार ठरले आहे. म्हणून पाठ्यपुस्तकांचे रूपांतर पुरेसे नाही. बालवर्गात कर्णबधिर शिक्षकाची नियुक्ती आणि पालकांना संकेतांचे प्रशिक्षण, या दोन्ही बाबी कथावाचनाच्या मूलभूत गरजा होत.