भोपाळचे बूर्बाँ : वंशावळ आणि वारसा

भोपाळच्या जहांगीराबाद भागातील संत फ्रान्सिस यांच्या देवळात जाण्याचा योग आला, तर तेथील मंडळींकडून एक कथा हटकून कानी पडते. फ्रान्सच्या राजघराण्यातील ज्याँ फिलिप द बूर्बाँ हा तरुण द्वंद्वयुद्धात एकाला ठार करून मायदेशातून परागंदा झाला. चाचेगिरी, बंदिवास अशी संकटे सोसून तो १५६० च्या सुमारास अकबराच्या दरबारी पोहोचला. बादशहाने त्याला आश्रय दिला आणि जुलियाना नावाच्या ख्रिस्ती स्त्रीशी त्याचा विवाह लावून दिला. भोपाळचे बूर्बाँ घराणे स्वतःला याच पुरुषाचे वंशज मानते.

कथा मोहक आहे यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या कसोटीस ती कितपत उतरते? अकबराच्या दरबारी येशूसंघीयांचे पहिले मंडळ १५८० साली, रुडॉल्फ अक्वाविवा यांच्या नेतृत्वाखाली, पोहोचले. दरबारातील बारीकसारीक गोष्टी लिहून ठेवणाऱ्या या मंडळींच्या पत्रांतून फ्रेंच राजपुत्राच्या या कथेला आधार सापडत नाही. एडवर्ड मॅक्लॅगन यांनी १९३२ साली मोगल दरबारातील येशूसंघीयांविषयी ग्रंथ लिहिला, त्यातही त्यांनी ही परंपरा सावधपणेच हाताळली आहे. शिवाय बहादूरशहाच्या काळात जुलियाना दियस द कोस्ता ही ख्रिस्ती स्त्री दरबारात प्रभावी होती. निरनिराळ्या काळांतील जुलियाना लोकस्मृतीत एक झाल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. तेव्हा मूळ पुरुषाला आम्ही परंपरेच्याच दालनात ठेवतो.

घराणे मोगलांच्या चाकरीत राहिले, पुढे नरवरजवळ शेरगढ येथे वसले आणि १७७८ साली नरवरच्या राजाच्या हल्ल्यात त्यातील बहुतेकांची कत्तल होऊन उरलेले ग्वाल्हेरमार्गे भोपाळला आले, ही हकीकतही घराण्याच्याच सांगण्यावरून आलेली आहे. भोपाळातील राजकीय अधिकारी कर्नल किंकेड यांनी १८८७ साली ती इंग्रजीत प्रसिद्ध केली. भोपाळात आल्यानंतरचा इतिहास मात्र पुष्कळच घट्ट जमिनीवर उभा आहे.

तेथे साल्वादोर बूर्बाँ याला इनायत मसीह म्हणत आणि बाल्थझार याला शहजाद मसीह. फारसी बोलणाऱ्या मुसलमान दरबारात ही माणसे वेशाने, भाषेने, रीतिरिवाजांनी पूर्ण दरबारी होती. पण हाक मारणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी ख्रिस्ताचे नाव यावे अशी नावे त्यांनी धारण केली होती. आमच्या मते या घराण्याचा सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज हाच.

१८१२-१३ साली शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला, तेव्हा वझीर महंमद खानाच्या बाजूने साल्वादोर लढला. मराठी वाचकाने हे ध्यानी घ्यावे, की तो आपल्याच पूर्वजांच्या सैन्यासमोर उभा होता. शिंद्यांच्या पदरीही ज्याँ बातिस्त फिलोझ हा ख्रिस्ती सेनानी होताच. धर्म एक, पण धनी वेगवेगळे, असा तो काळ होता.

१८१८ साली भोपाळचा इंग्रजांशी तह झाला. पुढच्याच वर्षी नवाब नझर महंमद गोळी लागून मरण पावला आणि राज्याची सूत्रे त्याची तरुण विधवा कुदसिया बेगम हिच्याकडे आली. तिच्या विश्वासू कारभाऱ्यांत शहजाद मसीह होता. सर जॉन माल्कम यांनी मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याची कर्तबगारी आणि शौर्य नोंदवले आहे. एका मुसलमान विधवेचे राज्य सांभाळण्यात एका ख्रिस्ती माणसाचा हात होता, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांतून कोठेही येत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

त्याच्या मागे त्याची पत्नी इझाबेला उरली. लोक तिला दुल्हन म्हणत. १८६० नंतरच्या दशकात लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी भोपाळला आला, तेव्हा हिंदी वेशातील ही वृद्धा आपल्याच देशाच्या राजवंशाचे नाव सांगते हे पाहून तो चकित झाला. त्याला नवल वाटले ते रक्ताचे. आम्हांस वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. तिच्याभोवती एक लहानशी ख्रिस्तमंडळी उभी होती आणि जहांगीराबादच्या देवळाच्या उभारणीशी स्थानिक परंपरा तिचेच नाव जोडते. १९६३ साली भोपाळला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आमच्याकडेही लग्न ठरवताना कुणी आपला मूळ पुरुष ब्राह्मण होता म्हणून सांगतो, कुणी पोर्तुगीज आडनाव पुढे करतो. आम्ही धर्मगुरूही कधी कधी ते कौतुकाने ऐकून घेतो. मत्तयाने प्रभूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ यांना वगळले नाही, हे त्या वेळी आमच्या ध्यानी राहत नाही. ज्याँ फिलिप राजपुत्र होता की साधा तोफखान्यातला गोलंदाज, हे बहुधा कधीच ठरणार नाही. इनायत मसीहच्या मुलाचे नाव शहजाद मसीह आणि त्याच्या मुलाचे मेहरबान मसीह, हे मात्र ठरलेले आहे.