दगडू, पिएर आणि जन्माचा दाखला

पिएर क्यूरी हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत वाचलंय. रेडियमचा शोध लावणारा शास्त्रज्ञ, मेरी क्यूरीचा नवरा. फ्रेंच नाव, ऐकायला रुबाबदार. पण पिएरचा अर्थ काय? ग्रीक भाषेतल्या 'पेत्रोस'वरून ते आलंय. पेत्रोस म्हणजे दगड, खडक. लालबाग-परळच्या मराठीत सांगायचं तर दगडू. नाहीतर धोंडू.

हसू नका. अर्थ तोच आहे. पण तिकडे ते येशूच्या पट्टशिष्याचं नाव म्हणून मिरवतं आणि आपल्याकडे दगडूचा मुलगा कॉलेजात गेला की बापाचं नाव हळू आवाजात सांगतो. म्हणजे नावाला मान त्याच्या अर्थाने मिळत नाही. ते नाव कोण ठेवतं आणि कोणाला ठेवू देतात, यावर तो ठरतो. आज त्यावरच लिहितोय.

आपल्या गिरणगावात दगडू, धोंडू, भिकू, केरू ही नावं घरोघरी होती. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेल्या माणसांनी ती सोबत आणली. यातलं एकही नाव आईबापाने हौसेने ठेवलेलं नसायचं. आधीची मुलं दगावली, तर पुढच्याला नजर लागू नये, काळाला तो नकोसा वाटावा, म्हणून दगड, भीक, केर असलं नाव ठेवायचं. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मलेलाही कधी धोंडू व्हायचा. हे नाव घेऊन माणूस मोठा होत नाही असं कुणी म्हणू नये. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं.

मुलाचं ओबडधोबड नाव असं मायेपोटी आलेलं असतं. मुलीचं तसं नव्हतं. मुलगा हवा होता आणि पुन्हा मुलगीच झाली, की तिचं नाव नकुशी. म्हणजे नको असलेली. ही फार जुनी गोष्ट नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. ज्या जिल्ह्यातून लालबाग-परळच्या खोल्या भरल्या, तोच हा जिल्हा.

आता दुसरी बाजू. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा नियमच सांगितलाय. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं. म्हणजे बाळ पाळण्यात असतानाच त्याची जागा ठरवून टाकायची. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या पोरांना चांगलं नाव ठेवलं तरी गाव हाक मारताना ते तोडूनच मारायचं.

म्हणून साताऱ्याच्या शाळेतली एक नोंद मला फार मोठी वाटते. ७ नोव्हेंबर १९००. नाव - भिवा रामजी आंबेडकर. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. हेच बाबासाहेब पुढे परळच्या बीआयटी चाळीत राहिले, मग दादरला राजगृहात. २५ डिसेंबर १९२७ला महाडमध्ये मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा पाळण्यातल्या नावावरचा हा नियमही तिच्यासोबत जळाला, असं मी मानतो.

पुढे १९४६ साली त्यांच्या संस्थेने मुंबईत कॉलेज काढलं, नाव सिद्धार्थ. औरंगाबादच्या कॉलेजला नाव मिळालं मिलिंद. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर हीच नावं नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पाळण्यांत गेली. गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, यशोधरा. एका पिढीने आपल्या मुलांची नावं स्वतः निवडली. कायदा, मोर्चा, परिषद हे सगळं आपण इतिहासात लिहितो. बारशाच्या दिवशी झालेली ही क्रांती मात्र लिहीत नाही.

आणि मिलिंद हे नाव मुळात कुठलं? ग्रीक राजा मिनँडर. त्याने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले, ते पाली ग्रंथात आले आणि मिनँडरचा मिलिंद झाला. म्हणजे पॅरिसचा पिएर आणि नायगावचा मिलिंद, दोघांची नावं ग्रीक! शुद्ध देशी नावाचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही बघावं. आपला दौलतराव अरबी शब्द घेऊन फिरतो, गुलाबराव फारसी. म्हणून ते काही कमी मराठी झाले नाहीत.

फ्रान्सची गंमत वेगळीच. ज्या देशाने स्वातंत्र्याची घोषणा जगाला दिली, त्यानेच १८०३ मध्ये कायदा केला की मुलाचं नाव कॅलेंडरातल्या संतांपैकी नाहीतर प्राचीन इतिहासातल्या माणसांपैकीच असावं. ब्रिटनी प्रांतातल्या एका कुटुंबाने मुलांना आपल्या ब्रेटन बोलीतली नावं ठेवली, तर त्या मुलांची नोंदच नाकारली गेली. पोरं समोर खेळताहेत आणि सरकारच्या लेखी ती नाहीतच! आईबापाला नावाची खरी मोकळीक तिथे १९९३ साली मिळाली.

आपल्याकडे असा कायदा नव्हता. पण कागद आपल्यालाही सोडत नाही. गिरणी कामगारांच्या वारसांची धावपळ मी बातमीदार म्हणून बघितलीय. गिरणीच्या कार्डावर धोंडू, रेशनकार्डावर धोंडीराम, गावच्या सातबाऱ्यावर धोंडिबा. माणूस एकच, पण ते सिद्ध करता करता पोराच्या चपला झिजतात. बाईचं तर विचारूच नका. माहेरचं नाव एक, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं दुसरं. नवरा गेल्यावर ती खिडकीसमोर उभी राहते आणि पलीकडचा माणूस विचारतो, ही कोण? नाव बदलल्याचं राजपत्र छापणारं सरकारी मुद्रणालय आपल्या चर्नी रोडलाच आहे. गिरगावातून रोज जाणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

म्हणून दोन-तीन गोष्टी नीट वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा आहे. शाळा, मतदार यादी, लायसन्स, पासपोर्ट, सगळीकडे तोच. त्यामुळे त्यावरचं स्पेलिंग चुकलं तर चूक आयुष्यभर मागे लागेल. जन्माची नोंद नावाशिवायही होते, पण नाव नंतर घालायचं राहून जातं. वर्षाच्या आत ते फुकट घालता येतं. बारसं झालं की पेढे वाटायच्या आधी ते काम करा.

आणि राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवलंय की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लागेल. निर्णय चांगला आहे. पण लग्न झालेल्या बाईच्या स्वतःच्या नावापुढे अजून नवऱ्याचंच नाव. मुलाच्या नावात आईला जागा मिळाली, तिच्या नावात तिच्या आईला कधी मिळणार?

नाव ठेवताना मोबाईलवर अर्थ शोधताच, तो शोधा. फ्रेंच ठेवा, संस्कृत ठेवा, पाली ठेवा, तुमचा हक्क आहे. तो हक्क आपल्याच चाळीतल्या कित्येकांना त्यांच्या आजोबापर्यंत नव्हता, एवढं लक्षात असू द्या. आणि घरात कोणी म्हातारी आजी असेल तर तिला आज एकच विचारा, तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं? उत्तर मिळालं तर ते कुठेतरी लिहून ठेवा.