लहान आकार, समान दर्जा : सोनी एक्सपेरिया झेड-१ कॉम्पॅक्टचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे लेखन करताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे 'पहिल्या' वस्तूंकडे जाते. २००८ मध्ये विक्रीस आलेला एचटीसी ड्रीम हा पहिला अँड्रॉइड फोन म्हणून इतिहासात नोंदला गेला. २०११ मधील सॅमसंग गॅलेक्सी नोट हा ५.३ इंची पडद्यामुळे स्मरणात राहिला. त्या मानाने एखाद्या नामांकित फोनची लहान आवृत्ती हा विषय गौण वाटण्याचा संभव आहे. परंतु लहान आवृत्ती घडविताना काय राखायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय उत्पादकाला करावा लागतो. या निर्णयातून ग्राहकाविषयीची त्याची धारणा जितकी स्पष्ट होते, तितकी मूळ वस्तूतून क्वचितच होते.

नौदलात सेनापतीचा ध्वज ज्या जहाजावर असतो त्याला 'फ्लॅगशिप' म्हणतात. फोनच्या व्यवसायात ही संज्ञा कंपनीच्या सर्वोत्तम व सर्वांत महागड्या फोनसाठी रूढ झाली. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'अग्रणी फोन' हा शब्द योजला आहे. २०१२ नंतर अनेक कंपन्यांनी आपल्या अग्रणी फोनच्या लहान आवृत्त्या काढल्या. दशकाच्या अखेरीस त्या बहुतांशी लोप पावल्या आणि 'लोकांना लहान फोन नकोच होते' असे मत सर्वसाधारणपणे प्रचलित झाले. हे मत उपलब्ध पुराव्यावर कितपत टिकते, याचा विचार सोनी कंपनीच्या एक्सपेरिया झेड-१ कॉम्पॅक्ट या २०१४ मधील फोनच्या आधारे करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

लहान आकाराच्या अर्थाचे परिवर्तन

विद्युत उपकरणांच्या इतिहासात लहान आकार हा दीर्घकाळ प्रगतीचा व प्रतिष्ठेचा निदर्शक होता. पुढे १९५८ मध्ये सोनी हे नाव धारण करणाऱ्या टोकियो त्सुशिन कोग्यो या कंपनीने १९५७ मध्ये टीआर-६३ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणला. वास्तविक तो नेहमीच्या सदऱ्याच्या खिशाहून किंचित मोठा होता. तेव्हा कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशाचे सदरे शिवून घेतले, असे कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनी 'मेड इन जपान' या आत्मकथनात नमूद केले आहे. लहान आकार ही विक्रीची केवढी मोठी बाजू मानली जात होती, हे या प्रसंगावरून दिसून येते. १९७९ मधील वॉकमन ही याच परंपरेतील वस्तू होय.

मोबाईल फोनच्या बाबतीतही प्रारंभी हेच घडले. १९८३ मधील मोटोरोला डायनाटॅक हा फोन पाऊण किलोहून अधिक वजनाचा होता. त्याच कंपनीचा १९९६ मधील स्टारटॅक सुमारे ८८ ग्रॅमचा होता आणि तो श्रीमंती थाटाचा फोन म्हणून ओळखला गेला. म्हणजेच विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्राहक लहान आकारासाठी अधिक पैसे मोजत होता.

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याने हे समीकरण उलटे केले. फोनचा दर्शनी भाग म्हणजेच पडदा झाल्यावर पडद्याचे इंच हेच प्रगतीचे माप ठरले. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेचा पडदा २०१० मध्ये ४ इंचांचा होता. तो २०११ मध्ये ४.३, २०१२ मध्ये ४.८ आणि २०१३ मध्ये ५ इंचांचा झाला. मोठा पडदा म्हणजे वरचा दर्जा, आणि त्यामुळे लहान पडदा म्हणजे खालचा दर्जा, असे समीकरण अवघ्या तीन-चार वर्षांत रूढ झाले.

'मिनी' फोनचे स्वरूप

अग्रणी फोनचे नाव धारण करणारे लहान फोन याच वातावरणात जन्मास आले. सोनी एरिक्सन या संयुक्त कंपनीने २०१० मध्ये एक्सपेरिया एक्स-१० या ४ इंची फोनबरोबर एक्स-१० मिनी हा २.५५ इंची फोन आणला होता. तो आकर्षक होता. परंतु त्याचा प्रोसेसर आणि कॅमेरा हे दोन्ही मूळ फोनहून कमी क्षमतेचे होते. २०१२ मधील गॅलेक्सी एस-३ मिनीच्या बाबतीत ही तफावत अधिक ठळक झाली. मूळ एस-३ मध्ये चार गाभ्यांचा प्रोसेसर व ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. मिनीमध्ये दोन गाभ्यांचा प्रोसेसर व ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा देण्यात आला.

२०१३ मध्ये गॅलेक्सी एस-४ मिनी आणि एचटीसी वन मिनी हे दोन्ही ४.३ इंची फोन आले. पहिल्यात १.५ जीबी व दुसऱ्यात १ जीबी रॅम होती. त्यांच्या मूळ फोनांत मात्र २ जीबी होती. प्रोसेसर दोहोंतही मध्यम श्रेणीचे होते. हा फरक केवळ कागदोपत्री नव्हता, तो फोनच्या आयुष्यावर परिणाम करणारा होता. एस-४ ला पुढे अँड्रॉइडची ५.० ही आवृत्ती मिळाली. एस-४ मिनी ४.४ या आवृत्तीवरच थांबला.

या फोनांच्या नावात अग्रणी फोनचा उल्लेख होता, बाह्य रूपही त्याच्याशी जुळणारे होते. परंतु आतील यंत्रणा वेगळ्या, खालच्या श्रेणीची होती. लहान हाताच्या किंवा लहान फोन पसंत करणाऱ्या ग्राहकाने कमी क्षमतेवर समाधान मानावे, असा त्याचा अर्थ होत होता.

झेड-१ कॉम्पॅक्टचे मूल्यमापन

सोनीने एरिक्सनचा हिस्सा २०१२ मध्ये विकत घेऊन फोनचा व्यवसाय पूर्णपणे आपल्याकडे घेतला. सप्टेंबर २०१३ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात कंपनीने एक्सपेरिया झेड-१ सादर केला. त्याची लहान आवृत्ती प्रथम जपानमध्ये एनटीटी डोकोमो या कंपनीमार्फत झेड-१ एफ या नावाने २०१३ च्या अखेरीस विक्रीस आली आणि जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगास येथे झेड-१ कॉम्पॅक्ट या नावाने जगासमोर मांडण्यात आली. आगगाडीतील गर्दीत उभे राहून एका हाताच्या अंगठ्याने संदेश लिहिण्याची सवय जपानमध्ये जुन्या फोनांच्या काळापासून रुजलेली होती, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

लहान आवृत्तीचे मूल्यमापन करताना एकच कसोटी निर्णायक ठरते. जी उणीव आढळते ती आकारामुळे अपरिहार्य होती, की श्रेणी राखण्यासाठी हेतुतः ठेवली गेली? या कसोटीवर दोन्ही फोनांची तुलना उद्बोधक ठरते.

प्रोसेसर दोहोंत एकच होता : २.२ गिगाहर्ट्झ गतीचा स्नॅपड्रॅगन ८००. रॅम २ जीबी, साठवण १६ जीबी, कॅमेरा २०.७ मेगापिक्सेल आणि पाणी व धुळीपासून संरक्षण या बाबीही समान होत्या. झेड-१ ची मापे १४४ × ७४ × ८.५ मिमी आणि वजन १७० ग्रॅम होते. कॉम्पॅक्टची मापे १२७ × ६४.९ × ९.५ मिमी आणि वजन १३७ ग्रॅम होते. म्हणजे रुंदी नऊ मिलिमीटरने व वजन सुमारे १९ टक्क्यांनी घटले, जाडी मात्र एक मिलिमीटरने वाढली. कॅमेरा व बॅटरी कमी रुंदीत सामावून घेण्याची ती किंमत होती.

बॅटरी ३००० वरून २३०० मिलिअँपिअर-तास झाली, म्हणजे सुमारे २३ टक्के कमी. परंतु ५ इंची पडद्याच्या तुलनेत ४.३ इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे २६ टक्क्यांनी कमी असते. शिवाय १०८० ऐवजी ७२० रेषांचा पडदा असल्याने रंगविण्याच्या बिंदूंची संख्या २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर, म्हणजे निम्म्याहून खाली आली. प्रोसेसर तोच आणि काम मात्र कमी, अशी ही स्थिती होती. तत्कालीन परीक्षणांत या फोनच्या बॅटरीची प्रशंसा झाली, ती या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. बिंदूंची घनता इंचाला ४४१ वरून ३४२ झाली. ही घट वाचनाच्या नेहमीच्या अंतरावर फारशी जाणवणारी नव्हती. उलट मोठ्या झेड-१ च्या पडद्यावर तिरक्या कोनातून रंग फिके दिसतात अशी जी टीका झाली होती, तिला कॉम्पॅक्टचा आयपीएस पद्धतीचा पडदा पात्र नव्हता.

या फोनमध्ये उणिवा नव्हत्या असे नाही. पाठीचा भाग काचेऐवजी प्लॅस्टिकचा होता, पडद्याच्या वर-खाली बरीच जागा वाया गेली होती आणि १६ जीबी साठवण लवकर अपुरी पडण्याजोगी होती. परंतु साठवणीची उणीव मोठ्या फोनमध्येही तितकीच होती. अद्ययावत आवृत्त्यांच्या बाबतीतही दोहोंत भेद झाला नाही. दोन्ही फोन अँड्रॉइडच्या ५.१ या आवृत्तीपर्यंत पोहोचले. लहान फोनमधील बहुतेक उणिवा अशा रीतीने भौतिक मर्यादेतून आल्या होत्या, श्रेणीभेदातून नव्हे. आकार आणि दर्जा या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे या फोनने प्रत्यक्ष करून दाखविले.

परंपरेचा उत्तरार्ध

सप्टेंबर २०१४ मध्ये झेड-३ कॉम्पॅक्ट आला. त्याने त्याच ६४.९ मिमी रुंदीत ४.६ इंची पडदा व २६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सामावली आणि वजन १२९ ग्रॅमवर आणले. मात्र रॅम २ जीबीच राहिली, तर मोठ्या झेड-३ ला ३ जीबी मिळाली. २०१५ च्या झेड-५ कॉम्पॅक्टमध्येही हाच भेद कायम राहिला. २०१६ च्या एक्स कॉम्पॅक्टमध्ये तर मध्यम श्रेणीचा स्नॅपड्रॅगन ६५० योजण्यात आला. २०१७ च्या एक्सझेड-१ कॉम्पॅक्टने समान प्रोसेसरचे तत्त्व पुन्हा स्वीकारले. २०१८ चा एक्सझेड-२ कॉम्पॅक्ट हा या मालिकेतील अखेरचा अग्रणी फोन ठरला. त्याची जाडी १२.१ मिमी आणि वजन १६८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ मूळ झेड-१ इतके झाले होते.

ही परंपरा का खुंटली? मोठ्या पडद्यावर चलत्चित्रे पाहण्याची सवय वाढली आणि मोठ्या फोनमध्ये मोठी बॅटरी बसत असे, ही कारणे खरीच आहेत. परंतु आणखी दोन कारणांकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पहिले कारण अर्थशास्त्रीय आहे. प्रोसेसर, कॅमेरा व रॅम समान ठेवल्यास लहान पडद्यामुळे उत्पादनखर्चात होणारी बचत अल्प असते. त्यामुळे किंमत फारशी उतरविता येत नाही. इंचावरून किंमत जोखण्यास सरावलेल्या ग्राहकाला हा फोन दुकानात महाग वाटणे क्रमप्राप्त होते. हा सराव त्याला आधीच्या 'मिनी' फोनांनीच लावला होता.

दुसरे कारण मापनाचे आहे. इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप असते, तर हाताला जाणवते ती फोनची रुंदी. पडद्याच्या कडा अरुंद होऊन तो उभट झाल्यावर हे माप दिशाभूल करू लागले. २०१३ च्या झेड-१ मध्ये ५ इंची पडद्यासाठी ७४ मिमी रुंदी लागली. २०१८ च्या एक्सझेड-२ कॉम्पॅक्टमध्ये ५ इंची पडदा ६५ मिमीत मावला. २०१९ च्या गॅलेक्सी एस-१० ई चा पडदा ५.८ इंची आणि रुंदी ६९.९ मिमी होती. २०२५ च्या गॅलेक्सी एस-२५ चा पडदा ६.२ इंची आणि रुंदी ७०.५ मिमी आहे. तात्पर्य, लहान फोनची गरज काही अंशी मोठ्या इंचांच्या आड भागविली गेली. मात्र ६५ मिमी आणि ७० मिमी यांतील अंतर उरलेच.

विरुद्ध बाजूचा पुरावाही नोंदविणे न्याय्य ठरेल. अँड्रॉइडबाहेर ॲपलने २०२० व २०२१ मध्ये आयफोन १२ मिनी व १३ मिनी हे समान प्रोसेसर असलेले ५.४ इंची फोन काढले. २०२२ मध्ये मात्र त्यांची जागा मोठ्या १४ प्लसने घेतली. एसूसने २०२१ ते २०२३ या काळात झेनफोनच्या तीन पिढ्यांत ५.९ इंची अग्रणी फोन दिला आणि २०२४ मध्ये ६.७८ इंची फोनकडे मोर्चा वळविला. समान दर्जाचे लहान फोनही बहुसंख्य ग्राहकांना आकर्षित करू शकले नाहीत, असे यावरून म्हणता येईल. परंतु बहुसंख्यांची पसंती नसणे आणि गरजच नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

येथेच या विषयाचे सामाजिक महत्त्व स्पष्ट होते. कॅरोलिन क्रिआडो पेरेझ यांनी 'इनव्हिजिबल विमेन' या २०१९ मधील ग्रंथात फोनच्या वाढत्या आकाराचा संबंध स्त्रियांच्या हातांच्या सरासरी मापाशी जोडला आहे. पुरुषाच्या हाताला मानक मानून घडविलेली वस्तू सर्वांसाठीच आहे असे गृहीत धरले जाते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय. एक हात सदैव गुंतलेल्या व्यक्तीला, संधिवाताच्या रुग्णाला किंवा एकाच हाताने काम करणाऱ्या अपंग व्यक्तीला नऊ मिलिमीटरचा फरक हा केवळ आवडीचा प्रश्न राहत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. एक, २०१० ते २०१३ या काळातील 'मिनी' फोनांच्या अपयशावरून लहान फोनच्या मागणीविषयी अनुमान काढणे सदोष आहे. कारण त्या फोनांत ग्राहकाने लहान आकार नाकारला की कमी क्षमता नाकारली, हे वेगळे करता येत नाही. दोन, झेड-१ कॉम्पॅक्ट हा या दोन घटकांना परस्परांपासून विलग करणारा महत्त्वाचा प्रयोग होता आणि अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो यशस्वी ठरला. तो खंडित झाला तो बाजाराच्या गणितामुळे, अशक्यतेमुळे नव्हे. तीन, बाजारातून नाहीशी झालेली प्रत्येक वस्तू अनावश्यक होती असे मानणे इतिहासलेखनास मान्य होण्याजोगे नाही. विक्रीचे आकडे बहुसंख्यांची निवड सांगतात. ज्यांच्यापुढे निवडीचा पर्यायच उरला नाही, त्यांची गरज त्या आकड्यांत उमटत नाही. तिची नोंद घेणे हे तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.