कट्यार : रंगमंचावरची आणि पडद्यावरची

चकलांब्यातल्या या व्याख्यानाला येताना एका मुलानं मला अडवलं. म्हणाला, "सर, 'कट्यार काळजात घुसली' टीव्हीवर तीनदा बघितलाय. आता जुनं नाटक कशाला बघायचं?" आज त्यालाच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आधी इतिहास बघू. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक 'नाट्यसंपदा'नं १९६७ साली रंगमंचावर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे आणि पंडितजी झाले भार्गवराम आचरेकर. चित्रपट आला २०१५ च्या दिवाळीत, सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली. अभिषेकींची काही पदं ठेवली, शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी दिली. पुढे तो टीव्हीवरून घराघरांत गेला.

जुने रसिक म्हणतात, मूळची सर नाही. पण 'मूळ' कशाला म्हणायचं? या नाटकातच एक पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. त्यातलं खरं कोणतं? दोन्ही! आपल्याकडे सप्ताहात हेच होतं. अभंग तुकोबांचा, पण दरवर्षी बुवा वेगळे, चाल वेगळी. कुणी त्याला नक्कल म्हणत नाही. तेव्हा चाली बदलल्या, नवी गाणी आली, एवढ्यावरून चित्रपटाला नापास करता येणार नाही.

मग उणं कुठे पडलं? माझ्या मते, गळा आणि देह वेगळे झाले तिथे. वसंतराव स्वतः उभे राहून गायचे. तान फसली तर हजार माणसांसमोर फसणार! ती जोखीम प्रत्येक प्रयोगाला होती, म्हणून प्रत्येक प्रयोग निराळा. चित्रपटात पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गायले, ते सोडा. पण खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडे यांचा. गाणं सुरेख आहे, वाद नाही. पण ते एकदा ध्वनिमुद्रित झालं की कायमचं तसंच राहतं.

आता दुसरी बाजू. राहुल हे वसंतरावांचे नातू. सदाशिवसाठी गायलेले महेश काळे हे अभिषेकींचे शिष्य, आणि त्या गायनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे परंपरा तुटली नाही, तिनं फक्त घर बदललं. एरवी हे गाणं आपल्या गावापर्यंत आलं असतं का? नाट्यगृहं पुण्या-मुंबईला, इथल्या किती जणांनी तो प्रयोग प्रत्यक्ष पाहिला असेल?

विद्या घराण्यात कोंडून ठेवायची की देऊन टाकायची, हा तर त्या नाटकाचाच झगडा आहे. देण्याच्या कसोटीवर चित्रपट उतरतो, जोखमीच्या कसोटीवर नाही.

म्हणून त्या मुलाला सांगतो, बाळा, चित्रपट चौथ्यांदाही बघ. पण कुठं प्रयोग लागला, तर एसटी पकड आणि जा. समोर बसून ऐकणं काय असतं, ते तिथंच कळेल.